पदरातले लेकरू परक्याच्या दारी

गेल्या उन्हाळ्यात एका साखरपुड्याच्या जेवणात एक सुविद्य सद्गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. बोलता बोलता दत्तक मुलांचा विषय निघाला आणि ते म्हणाले, "फादर, देणारा राजी, घेणारा राजी, मग मध्ये सरकारचे काय काम? मुलाला घर मिळाल्याशी कारण!" आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मंगल प्रसंगी वाद नको म्हणून मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला पुढे कित्येक दिवस बोचत राहिले. हा लेख म्हणजे त्या पंगतीत न दिलेले उत्तर आहे.

देणारा राजी, घेणारा राजी. या हिशेबात एक माणूस मोजायचाच राहून गेला आहे. जमीन, बैल, माडाची बाग यांच्या व्यवहारात दोन पक्ष पुरेसे असतात. लेकराच्या व्यवहारात तिसरा पक्ष असतो, आणि नेमका तोच मुका असतो. मुक्याच्या वतीने बोलण्यासाठी कोणाला तरी उभे राहावे लागते. आई-बाप उभे राहत असतील तर उत्तमच. पण आई-बापच देणारे असतील तेव्हा काय? तेव्हा लेकराच्या बाजूने कायद्याखेरीज दुसरे कोणी उरत नाही.

ज्यांना हे बोलणे अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी जरा अमेरिकेकडे पाहावे. सप्टेंबर २०१३ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने एक दीर्घ शोधवृत्तांत प्रसिद्ध केला. दत्तक घेतलेली मुले नकोशी झालेले पालक त्या मुलांसाठी संगणकाच्या जाळ्यावर गिऱ्हाईक शोधत होते. गिऱ्हाईक हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. अशा एकाच फलकावरील पाच वर्षांतल्या ५,०२९ मजकुरांची छाननी वार्ताहरांनी केली. त्यांत २६१ मुले देऊ केलेली आढळली. सरासरीने आठवड्याला एक. बहुतेक मुले सहा ते चौदा वर्षांची होती, आणि सर्वांत लहान अवघ्या दहा महिन्यांचे. त्यांतली निदान सत्तर टक्के मुले परदेशांतून, रशिया, चीन, इथिओपिया, युक्रेन अशा ठिकाणांहून, दत्तक म्हणून आणलेली होती. या व्यवहारासाठी तिकडे जो शब्द रूढ झाला तो 'रीहोमिंग'. पाळलेला कुत्रा किंवा मांजर नकोसे झाले की त्याला दुसरे घर पाहून देतात, त्यासाठीचा हा शब्द. मुलांसाठी तो वापरताना लोकांची जीभ अडखळली नाही, यातच सारे आले.

हा व्यवहार होत असे तो एका साध्या कागदावर. आपल्याकडे ज्याला मुखत्यारपत्र म्हणतात तो कागद. सैनिक आघाडीवर निघाला, एखादी आई रुग्णालयात दाखल झाली, तर मुलाला शाळेत घालण्याचा, औषधपाणी करण्याचा अधिकार काही काळ दुसऱ्याला देता यावा, यासाठी तो असतो. हेतू चांगला आहे. पण याच कागदावर नोटरीचा शिक्का मारून माणसे आपले लेकरू कायमचे परक्याच्या हाती देऊ लागली. न्यायाधीश नाही, समाजसेवक नाही, घेणाऱ्याच्या घराची पाहणी नाही. मुलाला दत्तक घेताना ज्या आई-बापांच्या घराची पाहणी झाली, उत्पन्न तपासले गेले, पोलिसांकडून चौकशी झाली, त्याच मुलाला पुढे देऊन टाकताना दोन सह्या पुरल्या.

२००८ सालचे एक उदाहरण याच वृत्तांतात आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका दांपत्याने लायबेरियातून दत्तक आणलेली सोळा वर्षांची मुलगी इलिनॉय राज्यातल्या एका जोडप्याच्या हवाली केली. ओळख संगणकावरची. गाडीत मुलीचे सामान घालून ते गेले, कागदावर सह्या केल्या आणि परत फिरले. ज्या बाईला ते 'आई' नेमून आले, तिची स्वतःची दोन मुले बालसंरक्षण अधिकाऱ्यांनी पूर्वीच तिच्याकडून काढून घेतली होती. एका चौकशीत हे कळले असते. पण चौकशी करायची कोणी? थोड्याच दिवसांत ते जोडपे मुलीसह बेपत्ता झाले. ती पुढे न्यूयॉर्क राज्यात सापडली. देणारे राजी होते, घेणारेही राजी होते.

मुले एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ठेवण्यासाठी न्यायची तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना कळवावे, असा आंतरराज्य करार अमेरिकेत १९६० पासून आहे. परंतु तो फारसा कोणी जुमानत नव्हता आणि पुष्कळशा पोलिसांना ठाऊकही नव्हता. वृत्तांताने खळबळ माजल्यावर विस्कॉन्सिनने २०१४ साली कायदा केला. नातलग नसलेल्या व्यक्तीकडे एका वर्षाहून अधिक काळ मूल सोपवायचे तर न्यायालयाची परवानगी हवी, आणि परवाना नसलेल्या कोणीही मूल देण्याची-घेण्याची जाहिरात करू नये. आर्कान्सा राज्याला जाग येण्यासाठी त्याहून भयंकर प्रसंग घडावा लागला. तिथल्या विधिमंडळाच्या एका सभासदाने दत्तक घेतलेल्या दोन लहान मुली आपल्याच बालशाळेतल्या एका कर्मचाऱ्याकडे देऊन टाकल्या होत्या. त्या माणसाला पुढे लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांसाठी तुरुंगवास झाला. मुली मात्र ज्या रीतीने सोपवल्या गेल्या, त्या रीतीला राज्याच्या कायद्यात गुन्ह्याचे नावच नव्हते. ते २०१५ साली दिले गेले. त्यानंतर इतर राज्यांनीही कायदे केले, आणि २०२१ साली सर्व राज्यांना स्वीकारता यावा असा एक नमुना कायदा तिथल्या विधिज्ञांच्या मंडळाने तयार केला.

या कायद्यांवर तीन आक्षेप घेतले जातात. ते पोरकट नाहीत. म्हणून त्यांना सरळ सामोरे गेले पाहिजे.

पहिला आक्षेप पालकांच्या हक्काचा. कुटुंब हे राज्याच्या आधीचे आहे, राज्याने उंबरठ्याबाहेर थांबावे, असे आपली ख्रिस्तसभाच शिकवत आली आहे ना? होय, शिकवत आली आहे, आणि मी ते शंभरदा प्रवचनात सांगितले आहे. पण त्याच ख्रिस्तसभेने १९८३ साली कुटुंबाच्या हक्कांची जी सनद जाहीर केली, तिच्यात पोरक्या मुलांना समाजाकडून विशेष संरक्षण मिळाले पाहिजे असे म्हटले आहे आणि दत्तकाविषयी योग्य कायदे करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. पालकाचा हक्क हा लेकराच्या सेवेसाठी मिळालेला हक्क आहे. लेकराला टाकून देण्यासाठी तो वापरला की त्याचा पायाच उखडला जातो. घराचा उंबरठा पवित्र आहे. पण त्या उंबरठ्यावरून लेकराला बाहेर ढकलणाऱ्याला त्याच उंबरठ्याच्या पावित्र्याचा आधार घेता येत नाही.

दुसरा आक्षेप करुणेचा. हे आई-बाप राक्षस नव्हेत. अनाथालयात वर्षानुवर्षे उपासमार आणि मारहाण सोसलेले मूल घरी येते. ते चावते, आग लावते, धाकट्या भावंडाला इजा करते. दत्तक देणारी संस्था फोन उचलत नाही. अशा थकलेल्या आई-बापांना गुन्हेगार ठरवायचे? या आक्षेपात पुष्कळ सत्य आहे. २००८ साली नेब्रास्का राज्याने असा कायदा केला की, आई-बापांनी मूल रुग्णालयात आणून सोडल्यास त्यांच्यावर खटला होणार नाही. हेतू नवजात अर्भकांना वाचवण्याचा. परंतु कायद्यात वयाची मर्यादा घालायची राहिली. काही आठवड्यांतच सुमारे पस्तीस मुले आणून सोडण्यात आली आणि त्यांत अर्भके जवळजवळ नव्हतीच. शाळकरी आणि किशोरवयीन मुले होती. नोव्हेंबरमध्ये घाईने तीस दिवसांची मर्यादा घालावी लागली. ती सारी काही दत्तक मुले नव्हती. पण हताश आई-बापांची संख्या किती मोठी असते, हे त्या चुकीने दाखवून दिले.

तरीही या करुणेचा निष्कर्ष मला मान्य नाही. थकलेल्या आईला मदत द्या, सल्ला द्या, विसावा द्या. आणि खरोखरच निभत नसेल तर मूल न्यायालयाच्या देखरेखीखाली दुसऱ्या तपासलेल्या घरी जाऊ द्या. तो मार्ग खुला आहे. कायदा अडवतो ते एवढेच: अंधारात, अनोळखी माणसाला, पाहणीवाचून देणे. बुडणाऱ्या माणसाची दया यावी हे खरे; पण म्हणून त्याने खांद्यावरचे लेकरू प्रवाहात सोडावे असे कोणी म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप असा की, कायदा केला म्हणजे लोक अधिक लपूनछपून करतील. या न्यायाने चोरीविरुद्धचाही कायदा काढून टाकावा लागेल. कायद्याने पाप संपत नाही, हे धर्मगुरूला कोणी सांगायला नको. पण पाप आणि रीत यांत फरक असतो. जोपर्यंत कायदा नव्हता तोपर्यंत तो व्यवहार ही एक रीत होती. माणसे त्याची जाहिरात करत होती, एकमेकांना सल्ले देत होती. आता ती लाजेची गोष्ट झाली. एवढे झाले तरी काही लेकरे वाचतील.

इथे एक कबुली दिली पाहिजे. अमेरिकेत दत्तकाची जी लाट उसळली, तिच्यामागे अनेक ख्रिस्ती मंडळ्यांची प्रवचने होती. अनाथाला घरात घेणे हे धर्मकार्य म्हणून सांगितले गेले, आणि ते आहेच. पण भावनेच्या भरात पाच-सहा मुले घेणाऱ्या कुटुंबामागे नंतर कोण उभे राहिले? व्यासपीठावरून आवाहन करणे सोपे असते; मध्यरात्री किंचाळणाऱ्या मुलाजवळ बसणे अवघड. दत्तक हे दान समजले की घोटाळा सुरू होतो. दानात देणारा मोठा आणि घेणारा उपकृत. लेकराने उपकार स्मरला नाही, उलट घर डोक्यावर घेतले, की दात्याला वाटते, आपले दान परत घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. संत पौलाने आपल्या पत्रांत देवाशी असलेले आपले नाते सांगण्यासाठी दत्तकपणाचाच दाखला घेतला. देवाने आपल्याला दत्तक घेतले आणि आपण त्याच्याशी कसे वागलो, ते आपापल्या अंतःकरणाला ठाऊक आहे. त्याने आपल्याला कोणा परक्याकडे पाठवून दिले नाही.

"पण फादर, हे अमेरिकेतले. आपला काय संबंध?" संबंध आहे. आपल्या देशातूनही हजारो मुले परदेशी दत्तक गेली. त्यांच्या नावावर चाललेला बाजार पाहून सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात १९८४ साली कडक नियम घालून दिले. तरीही कागद अपुरे राहिले की काय होते पाहा. मुंबईहून लहानपणी अमेरिकेत गेलेली आणि तिथे घराघरांतून फिरवली गेलेली एक मुलगी मोठी झाली, लग्न झाले, मुले झाली. तिच्या नागरिकत्वाचा कागद कोणीच केला नव्हता. एका गुन्ह्याच्या निमित्ताने ते उघड झाले आणि २००८ साली तिला मुंबईला परत पाठवण्यात आले. जिथली भाषा तिला येत नव्हती, त्या शहरात ती उतरली.

आणि मुले परत करण्याचा प्रकार केवळ तिकडचा नाही. आपल्या देशात पाच वर्षांत दत्तक गेलेली सुमारे अकराशे मुले संस्थांकडे परत आली, असे २०२० साली माहितीच्या अधिकाराखाली उघड झाले, आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक वरचा होता. ती निदान परत तरी आली. त्यांची नोंद तरी झाली. ज्यांचे देणेघेणे कागदावर आलेच नाही, त्यांची गणती कोण करणार?

आपल्या समाजाला या बाबतीत एक सबब होती. १९५६ च्या कायद्याने हिंदूंना दत्तकाचा अधिकार दिला. आपल्याला दिला नाही. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचे १९७२ आणि १९८० सालचे प्रयत्न संसदेत तडीस गेले नाहीत. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की कायद्याच्या लेखी नाते संपे. दार बंद असल्यावर लोक परसातून येणारच. पण ते दार आता उघडले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मॅन्युअल थिओडोर डिसोझा यांच्या अर्जावर ख्रिस्ती दांपत्याला दत्तकाची वाट मोकळी केली. बालन्याय कायद्याने ती सर्व धर्मीयांसाठी रुंद केली. आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर तिच्यावर शिक्कामोर्तब केले. २०१५ च्या कायद्याप्रमाणे विहित पद्धतीवाचून अनाथ वा सोडून दिलेले मूल दत्तक देणे-घेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आता आपल्याला सबब उरली नाही. उरली आहे ती घाई.

या घाईशी माझी गाठ धर्मग्रामाच्या कचेरीत पडली. बारा वर्षे मूलबाळ नसलेले एक दांपत्य तीन आठवड्यांचे बाळ घेऊन आले. माणसे देवभीरू, घर खाऊनपिऊन सुखी. एका प्रसूतिगृहातल्या ओळखीने परगावच्या एका अविवाहित मुलीचे बाळ त्यांना मिळाले होते. स्टॅम्प पेपरवर तिची सही होती. त्यांचे मागणे साधे होते: बाळाचा स्नानसंस्कार करा आणि नोंदवहीत आई-बाप म्हणून आमची नावे लिहा. तो दाखला हाती आला की पुढचे कागद होत जातील.

मी नकार दिला. ती बाई माझ्यासमोर रडली, आणि मला माझ्या पौरोहित्याच्या सगळ्या वर्षांत इतके निष्ठुर कधी वाटले नव्हते. मग मी त्यांच्याबरोबर बालकल्याण समितीकडे गेलो. तिथे बाळाच्या आईला बोलावण्यात आले. कायद्याप्रमाणे मूल सोडणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत तिला प्रथमच कोणीतरी विचारले, "तुला काय हवे आहे?" तोपर्यंत तिला फक्त, सही कुठे करायची, एवढेच सांगितले गेले होते. तिने बाळ परत मागितले, आणि तिची आई तिच्या पाठीशी उभी राहिली.

ते दांपत्य रीतसर नोंदणी करून अजून रांगेत आहे. ही रांग वर्षानुवर्षांची आहे, आणि ती इतकी लांब असणे हा सरकारचा दोष आहे, असे मी उघड म्हणतो. रविवारी मिस्सा संपल्यावर ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या घरी ते बाळ सुखात वाढले असते, याविषयी मला शंका नाही. पण देणारी राजी नव्हती. हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ते विचारण्याची जागा फक्त कायद्याने ठेवली होती.

काही जण म्हणतात, धर्माने कायद्याच्या मागे का जावे? याचे उत्तर आपल्याच कायदेसंहितेत आहे. १९८३ च्या संहितेचा ११० वा नियम सांगतो की, नागरी कायद्यानुसार दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुले होत. ख्रिस्तसभेने येथे स्वतःचा वेगळा कागद काढला नाही. तिने देशाच्या कायद्याचा कागद मानला. आणि एकदा मानल्यावर पुरता मानला: त्या नात्यातून विवाहाला बाधा येते इतका तो खरा. सख्खा आणि दत्तक असा भेद तिने ठेवला नाही. जिथे कायद्याचा आदेश नाही, तिथे नोंदवहीत खोटी नावे लिहिणारा धर्मगुरू दया करत नसतो; तो लेकराच्या आयुष्याच्या पहिल्या पानावर असत्य लिहीत असतो. योसेफाच्या भावांनी बापाला दाखवायला रक्तात बुडवलेला अंगरखा नेला होता. खोटा पुरावा हा लेकराच्या विक्रीचा फार जुना सोबती आहे.

आपले हात पूर्ण स्वच्छ आहेत असेही नाही. २०१८ साली रांचीतल्या एका ख्रिस्ती आश्रमातून बाळे विकली गेल्याचा आरोप झाला आणि धर्मभगिनीला अटक झाली, तेव्हा आपण सर्व जण कट म्हणून ओरडलो. आरोपाचा निकाल न्यायालयाने द्यावा. पण आरोप होताच आपल्या प्रत्येक संस्थेने आपापल्या नोंदवह्या उघडून पाहिल्या असत्या, तर ते ओरडण्यापेक्षा अधिक ख्रिस्ती झाले असते.

मग धर्मग्रामाने करावे काय? मूल नसलेल्या दांपत्याला 'काही बातमी?' असे विचारणे प्रथम थांबवावे. आपल्या त्या प्रश्नानेच माणसे आडवाटेला लागतात. नोंदणीचे अर्ज भरण्यास दर धर्मग्रामात एका जाणकार व्यक्तीने मदत करावी. कुमारी मातेला प्रसूतिगृहातल्या दलालाआधी आपला आधार सापडला पाहिजे. नातलगांत मूल देण्याची आपली जुनी माया मी नाकारत नाही. बहिणीचे लेकरू बहिणीच्या पदरात पडले तर आनंदच आहे, पण त्यालाही कायद्याने वाट आहे, ती धरावी. आणि ज्यांनी मूल पदरात घेतले आहे, त्यांच्या घरी पहिल्या वर्षानंतरही जावे. दत्तक मूल शाळेत मारामारी करू लागले, रात्री दचकून उठू लागले, की शेजारी म्हणतात, 'रक्तच वेगळे.' हे वाक्य ऐकून ऐकून कित्येक आई-बापांचा धीर सुटतो. धर्मपिता आणि धर्ममाता हे फक्त स्नानसंस्काराच्या छायाचित्रापुरते नसतात. ते अशाच दिवसांसाठी असतात.

त्या साखरपुड्यातल्या सद्गृहस्थांना हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे. त्यांचे दोन नातू आहेत. त्यांपैकी एकाला उद्या कोणी दोन सह्यांवर अनोळखी माणसाच्या गाडीत बसवले, तर मध्ये सरकारचे काय काम, असे ते म्हणतील काय? आणि म्हणणार नसतील, तर दुसऱ्याच्या लेकरासाठी ते का म्हणतात, एवढेच मला त्यांना विचारायचे आहे.